सुभद्राबाईंचा तळहाताएवढा पंप

पंप घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "पाणी कुठून उचलायचं आणि कुठं न्यायचं?" माणूस उत्तर देतो, "तीनचा द्या." म्हणजे तीन हॉर्सपॉवरचा. का तीनचा? तर शेजाऱ्यानं तीनचा घेतला. विहीर किती खोल, पाइप किती लांब, याची चौकशी मी नंतर त्याच्या बायकोकडे करते. तिला सगळं माहीत असतं.

सडक अर्जुनीला हायवेवर आमचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रक गेला की फळीवरचे नटबोल्ट वाजतात. लग्न होऊन आले तेव्हा नवरा मोटारींची वाइंडिंग करायचा. मी आधी चहा दिला, मग पाने दिले, मग एक दिवस पंप खोलून बसले. आता मोटार त्यांची आणि पंप माझा, अशी वाटणी आहे. पंचवीसेक वर्षांत माझ्या हातून किती पंप गेले ते मी मोजलेलं नाही. नखांतलं ग्रीस मात्र लग्नकार्यालाही पूर्ण निघत नाही.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा दोन शब्दांत सांगते. पंप दोन कामं करतो. एक, पाणी किती फेकतो, ती धार. दोन, किती जोरानं ढकलतो, तो दाब. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी कमी येतं पण लांब उडतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. एकाच पंपाला दोन्ही भरपूर मागायचं नसतं. पण आमचा मुलूख धानाचा. धानाला बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, घोटाभर पाणी उभं लागतं. म्हणून आमच्याकडे चांगला पंप म्हणजे जाड धारेचा पंप. दाबाबद्दल कुणी विचारत नाही. मीही फारसं कुणाला सांगितलं नाही. त्याची शिक्षा पुढं मिळाली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नवेगाव बांधकडच्या एका म्हाताऱ्याच्या पंपाचे बेअरिंग मी बदलून दिले. आठ दिवसांनी तो परत. "बिघडवला तुम्ही." काय बिघडलं? तर आवाज येईना. जुना पंप इतका खडखडायचा की घरी खाटेवर पडून त्याला कळायचं, शेतात पाणी चालू आहे. आता गुपचूप चालतो, म्हणून याला जिवाला चैन नाही. मी त्याला जुने बेअरिंग परत बसवून दिले. कारागीर म्हणून चूकच केली. माणूस हसत गेला.

पण मला लिहायचं आहे ते सुभद्राबाईंबद्दल.

सुभद्राबाई आमच्यापासून पाच-सहा कोसांवरच्या गावच्या. पोवार घरच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चार एकर धान त्यांनी एकटीनं केलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा पंप बैलगाडीतून आणला होता. दुकानात तीन-चार पुरुष बसले होते. ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "मिस्तरी जेवाले गेले, थांबा." सुभद्राबाई माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "ग्रीस तं हिच्या हाताले लागून हाय. तूच खोलते ना वं?"

"हो."

"मंग खोल. मले टाइम नाई."

मी खोलला. त्या शेवटपर्यंत समोर उकिडव्या बसून राहिल्या. काय झिजलं, काऊन झिजलं, सगळं विचारलं. जाताना त्या पुरुषांना म्हणाल्या, "मिस्तरी जेवून आले तं सांगजा, मिस्तरीनीनं काम केलं." त्या दिवसापासून मी पंचक्रोशीत मिस्तरीन झाले.

मग दर वर्षी रोवणीच्या आधी त्या यायच्या. रोवणी म्हणजे धानाची रोपं उपटून बांधीतल्या चिखलात लावणं. पंप कधी बिघडलेला असे, कधी नुसताच सोबत आणलेला असे. तपासून झाला की खिशातून, म्हणजे पदराच्या गाठीतून, त्या लाखोळीच्या भाजीची वाळवलेली पानं काढायच्या आणि माझ्या पान्यांच्या डब्याशेजारी ठेवायच्या. एवढंच. आमच्यात गळ्यात गळे घालून बोलणं कधी झालं नाही. मी त्यांच्या शेतावर एकदाही गेले नाही. त्या बोलवायच्या, "रोवणीले ये वं एकदा." रोवणीचे दिवस म्हणजे माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी.

मग त्यांच्या किडन्या गेल्या.

गोंदियाच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस चालू असताना मी भेटायला गेले. बाईकडे बघायचं सोडून मी मशीनकडेच बघत राहिले. एक चाक फिरतं आणि नळीला दाबत पुढं सरकतं. रक्त नळीतच राहतं, चाकाला लागत नाही. मी इतकी वाकून बघत होते की सिस्टरनं हटकलं. सुभद्राबाई हसल्या. "तुह्यावाला पंप हाय का वं हा?"

"माझ्याकडे असा आला नाही अजून."

"आला तं नीट बांधजो."

पुढं त्यांच्या धाकट्या भावानं किडनी दिली. ऑपरेशन नागपूरला झालं, चांगलं झालं. पण नवी किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांनी शरीराची लढायची ताकद कमी होते. डॉक्टरांनी सांगितलं: मातीत हात घालायचा नाही, शेणखताजवळ जायचं नाही, चिखलात पाय टाकायचा नाही. मातीतल्या बुरशीनं आपल्याला काही होत नाही, त्यांना झालं तर किडनी जाऊ शकते. जीवही.

शेत ठेक्यानं दिलं. मुलगा नरेश गोंदियाला नोकरीला. त्यानं आईला आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्या वर्षी रोवणीच्या आधी दुकानाच्या दारात सुभद्राबाई आल्या नाहीत. गर्दी नेहमीसारखीच होती. मी दिवसातून तीन-चारदा रस्त्याकडे पाहिलं, हे नवऱ्यानंच मला सांगितलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एक दिवस नरेश आला. "मावशी, आईनं खाली कुंडीत हात घातला. तुळशीच्या. मी पाहिलं तं मनगटापर्यंत माती. दोन दिवस ताप होता, दवाखान्यात ठेवावं लागलं." तो स्टुलावर बसला. "आता म्हणून राहिली, यंदाच्या रोवणीले मी गावले जातो म्हणजे जातो. तुम्ही थांबवून पाहा मले. मावशी, ती जाईल. तुम्हाले माहीत हाय ती."

मला माहीत होतं.

मग त्यानं फोनवर काही दाखवलं. झाकणाचा ड्रम, झाकणाला भोकं, भोकांत स्पंजमध्ये धरलेली रोपं. मुळं खाली अंधारात, हवेत लोंबत होती. आणि बारीक तोंडाच्या नोझलमधून त्यांच्यावर पाण्याचं धुकं पडत होतं. मातीचा कण नाही. पाण्यातच विरघळणारं खत. "डॉक्टरले विचारलं. ते म्हणाले, पाणी उकळून थंड केलेलं घ्या, ड्रम बंद ठेवा, तोंडाले मास्क लावा, हात धुवा, तं चालते. बाकी सगळं जमवलं मी. पंप कोणता घ्यायचा तेवढं तुम्ही सांगा. तिले म्हटलं, हे लावून पाहू. तिनं कबूल केलं. म्हणाली, उगवलं तं मी अठीच राहीन. नाही उगवलं तं गावले."

म्हणजे सगळं पंपावर आलं. माझ्या पंपावर.

आणि मी काय केलं? पंचवीस वर्षांच्या अनुभवानं फळीवरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक, मोटार आणि पंप एकत्र असलेला, उचलला. सुभद्राबाईंना मी कमी कशी देणार? कूलरचा पंप नरेशनं आधीच लावून पाहिला होता; त्यानं नोझलमधून नुसते थेंब गळले, नाकातून गळतात तसे. मी म्हटलं, त्याला जोर नाही, हा घे. सुट्टीच्या दिवशी बसनं गोंदियाला गेले, स्वतः जोडून दिला आणि बटण दाबलं.

आधी एक जोड निसटला. मग दुसरा. ड्रमच्या झाकणावरून पाण्याची धार उडाली ती थेट देवघरावर. सुभद्राबाई मास्कमागून ओरडल्या, "बंद कर वं, बोदलकसाचं धरण फुटलं!" जोड तारेनं बांधून पुन्हा लावला. चार बारीक भोकांतून एवढ्या पंपाचं पाणी जाणार कुठं? मोटार तापली, गुरगुरली. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन उभ्या. "दीदी, ऊपर आटा चक्की लगाई क्या? मेरे पंखे तक हिल रहे हैं."

बसमध्ये पंप मांडीवर घेऊन परत येताना मला स्वतःचा फार राग आला. जो प्रश्न मी प्रत्येकाला विचारते तो मी स्वतःला विचारला नव्हता. पाणी कुठं न्यायचं? कुठंच नाही. दोन हात उंच. किती? दिवसाला बादलीभरही नाही. मग पाहिजे काय? फक्त दाब. पाणी इतक्या जोरानं बारीक भोकातून गेलं पाहिजे की त्याचं धुकं व्हावं. धार इथं कामाची नव्हती, आणि आयुष्यभर मी धार विकली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जण पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप घेऊन आला. मी तो खोलला आणि थांबले. आतला पंप तळहाताएवढा. त्यात पाती नसतात, रबरी पडदा असतो. तो मागंपुढं होऊन थोडं थोडं पाणी दाबून सोडतो. पाणी थोडं, दाब पाच-सहा किलोचा. बारा व्होल्टवर चालतो, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर चालणार. हवेत लोंबणाऱ्या मुळांना हेच सगळ्यात महत्त्वाचं: उन्हाळ्यात तासभर धुकं बंद पडलं तर रोप गेलं. घरातल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमध्येही असाच पंप असतो, आवाजही कमी करतो. पण त्याला चोवीस व्होल्ट लागतात आणि आमच्याकडची लाइट मला माहीत आहे. मी फवारणीवाला निवडला. नवा, डब्यातला. वापरलेल्यात औषधाचा अंश राहतो, तो फुकट मिळाला तरी अशा कामाला घेऊ नये. पंपाआधी बारीक जाळी लावली, नाहीतर नोझल बुजतात. खाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, थरथर जमिनीत जाऊ नये म्हणून. टायमर बसवला: पंधरा सेकंद चालू, पाच मिनिटं बंद.

या वेळी बटण दाबलं तेव्हा आधी काहीच झालं नाही असं वाटलं. मग ड्रमच्या भोकातून पांढरं धुकं वर आलं. नोव्हेंबरात पहाटे बांधीवर असतं तसं. सुभद्राबाईंनी हात पुढं केला, मग मागं घेतला. "हे पाणी हाय?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशानं काय होते वं? चिमणीचं तोंड धुवाचं काय?"

पालक आणि पुदिना लावला. सुरुवातीला छान. दहाव्या दिवशी नरेशचा फोन: मुळं तपकिरी पडली, बुळबुळीत झाली, वास येतो. मी पुन्हा बस धरली. झाकण उघडलं. टायमरचं बटण सतत-चालूवर होतं.

"हे कुणी केलं?"

सुभद्राबाई दुसरीकडं बघत होत्या.

"सुभद्राबाई."

"अवं, पाच पाच मिनटं बिचाऱ्याइले पाणी नाही! मले पाहवलं नाई. रोप तहानलेलं ठेवाचं काय? मी सकाळी चालू करून देत होती, नरेश ड्युटीवरून आला का बंद."

ही चूक फक्त धानवालेच करू शकतात. ज्या माणसानं जन्मभर मुळं पाण्यात उभी पाहिली, त्याला मूळ पाण्यात बुडून मरतं हे पटणार कसं? मी समजावलं: या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मधल्या पाच मिनिटांत ती श्वास घेतात. धान वेगळं आहे, ते पाण्यात श्वास घेतं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाकीच्या झाडाइले दम लागते. धानाले नाही."

"नाही."

"मंग धानच लावतो. मले दुसरं काही येत नाही."

मी म्हटलं, बाई, धान हे असं कुणी लावत नाही. नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या नरेशनं डोक्याला हात लावला. पण कबुली होती: उगवलं तर अठी, नाही तर गाव. पालक मेला होता. आणि रोवणीला सव्वा महिना उरला होता.

बियाणं त्यांचंच होतं, घरच्या धानाचं, गावाहून आणवलेलं. त्यांनी ते उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले आणि स्पंजाच्या एकेका फटीत एकेक दाणा ठेवला. हात मास्कवाल्या डॉक्टरसारखे धुतलेले. टायमरला त्यांनी हात लावला नाही. नरेश सांगायचा, पंप सुरू झाला की आई पंधरापर्यंत मोजते, मग पाच मिनिटं ड्रमजवळ गप्प बसते. मी फोन केला की मला पंपाचा आवाज ऐकवायच्या. तो बारीक करकर आवाज ऐकून मी सांगायचे, जाळी धुवा, बुजत आली आहे. असं आमचं बोलणं आधी वर्षातून एकदा व्हायचं, आता दोन दिवसांनी व्हायला लागलं.

धान उगवलं. वीतभर झालं, हातभर व्हायला आलं. पोपटी.

रोवणी सुरू झाली आणि सुभद्राबाईंचा फोन आला. "मिस्तरीन, पऱ्हे तयार हाय." पऱ्हे म्हणजे लावणीजोगी रोपं. "आज इकडे ये. नेऊन माह्या बांधीत लाव."

"मी? नरेशला सांगा ना."

"नरेशले मी मोठं केलं, पण त्याले रोवणी येत नाई."

"मला तरी कुठं येते?"

"तुले पंचवीस वर्षं बोलावून राहिली ना मी? आता कारण सांगू नको."

मी नवऱ्याला म्हटलं, उद्या दुकान तुम्ही बघा. ते म्हणाले, "रोवणीच्या दिवसांत?" मी म्हटलं, "रोवणीच्याच."

त्याच दुपारी गोंदियाला गेले. पेंडी, म्हणजे पऱ्ह्यांची जुडी, सुभद्राबाईंनी स्वतः बांधली होती. जमिनीतल्या पऱ्ह्याची मुळं आखूड, चिखलानं भरलेली असतात. यांची मुळं लांब, पांढरी, स्वच्छ. ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली आणि लगेच सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बांधीत उतरले. पाय पोटरीपर्यंत आत गेले. चिखल वरून गरम आणि खाली थंड असतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. इतकी वर्षं मी या पाण्याची सोय करत होते आणि ते कुठं जातं ते पाहिलं नव्हतं. ओळीत ठेकेवाल्याच्या सात-आठ बाया होत्या. त्यांची चंगळ झाली.

"हे धान हाय का म्हातारीचे केस?"

"मिस्तरीनबाई, मागं मागं सरा! पुढं कुठी चालल्या, स्वतःचीच रोपं तुडवून राहिल्या!"

"पाना धरल्यासारखं धरून राहिली पाह्य वं! पिळू नका, नुसतं खोसा!"

एकीनं माझा फोन धरला आणि त्यात सुभद्राबाई गोंदियाहून बघत होत्या. मग आवाज आला. "तिरपी लावून राहिली. दोन बोटं खोल... हां. त्या कोपऱ्यात पाणी कमी दिसते, बांध फुटला असंल, पाह्य वं कोणी." कुणी तरी जाऊन पाहिलं. बांध खरंच फुटला होता. दोघींनी चिखलानं तो बुजवला. "फोन अजून खाली धर," सुभद्राबाई म्हणाल्या. "चिखलाच्या जवळ धर. अजून." तिनं धरला. त्यात आता फक्त पाणी आणि माझी बोटं दिसत असणार. मग पंपाची करकर आली, पंधरा सेकंद, आणि बंद झाली.

संध्याकाळी मी सरळ गोंदियाला गेले. फ्लॅटचा नियम मला पाठ होता: चपला जिन्यात, मग बाहेरच्या नळावर साबणानं हातपाय. मी धुतले. कपडे बदलले. नरेशनं दार उघडलं.

सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या होत्या, मास्क लावून. रिकाम्या भोकांचा ड्रम बाजूला होता. "दाखव," त्या म्हणाल्या.

मी हात पुढं केले. त्यांनी धरले नाहीत. हातभर अंतरावरून वाकून, मी डायलिसिसच्या मशीनकडे बघितलं होतं तसं, त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. ग्रीसच्या जुन्या काळ्या रेघेखाली बांधीतल्या चिखलाची एक राखाडी रेघ उरली होती.

"नखात हाय वं अजून," त्या म्हणाल्या.

मी हात मागं घ्यायला लागले. "थांब जरासा," त्या म्हणाल्या.

मी थांबले. पंप सुरू झाला. रिकाम्या ड्रमात पंधरा सेकंद धुकं पडलं आणि थांबलं. सुभद्राबाई अजून बघत होत्या. पाच मिनिटं झाली असतील, पंप पुन्हा सुरू झाला तेव्हा त्या मागं टेकल्या.

"जा," त्या म्हणाल्या, "ब्रशनं घासून ये."